बांबू आमचा, बायलाइन तुमची

स्वतंत्र लेखकाला महाराष्ट्रात कुणीही अडवत नाही. त्याने स्वतःच्या वेळेत लिहावं, स्वतःच्या पैशाने छापावं, स्वतःच्या घरात पलंगाखाली गठ्ठे रचावेत आणि घरी आलेल्या पाहुण्याच्या हातात चहाआधी एक प्रत ठेवावी. सरकार, समाज, साहित्य संस्था यांची कुणाचीच हरकत नसते. चंद्रपूर-गडचिरोलीत राहून हा उद्योग केला तर वर आणखी एक सवलत मिळते. तुम्ही काहीही लिहा, लोक म्हणतात, 'दुर्गम भागातला आवाज.' एकदा आवाज ठरलात की सुटलात. मग मजकूर वाचायची जबाबदारी कुणावरच राहत नाही.

एका प्रकाशकांनी माझं हस्तलिखित परत करताना फार मायेने कळवलं, विषय चांगला आहे पण वाघ कमी पडतात. दुसऱ्यांनी फोन करून विचारलं, नक्षलवादी कितव्या प्रकरणात येतात? मी म्हटलं, येत नाहीत, पुस्तक धानाच्या बोनसवर आहे. पलीकडे बराच वेळ शांतता होती. गडचिरोलीच्या पुस्तकाचा साचा ठरलेला आहे. मुखपृष्ठावर एक वाघ नाहीतर एक बंदूक, आत एक डॉक्टर, शेवटी कृतज्ञता. आमच्याकडे तलाठी रजेवर जातो, तुडतुड्याने धान बसतं, पोरगी एमपीएससीची तिसरी खेप देते, हे त्या साच्यात कुठे कोंबायचं?

डॉक्टरांबद्दल माझी तक्रार नाही, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पत्रं येतील. प्रकाश आमट्यांचं 'प्रकाशवाटा' आहे, झाडं आणि बाया यांचं नातं सांगणारं राणी बंगांचं 'गोईण' आहे, हेमलकशात मुक्काम ठोकून राहिलेल्या विलास मनोहरांची पुस्तकं आहेत. ही माणसं इथे आली, राहिली, मग त्यांनी लिहिलं. माझं भांडण पर्यटकाशी आहे. तो शनिवारी येतो, रविवारी जातो आणि दिवाळी अंकात 'जंगलाच्या हाका' ऐकवतो. हाका कुणाच्या होत्या, त्यांचं म्हणणं काय होतं, ते त्याने विचारलेलं नसतं.

खरी गंमत कागदाची आहे. बल्लारशाची पेपर मिल १९४५ सालची. गाडी स्टेशनात शिरायच्या आधी मिलचा वास डब्यात शिरतो, त्यामुळे झोपलेल्या माणसालाही उतरायचं कळतं. दोन्ही जिल्ह्यांच्या जंगलातून वर्षानुवर्षं बांबू या मिलच्या पोटात गेला. आत जाताना बांबू, बाहेर येताना मॅपलिथो. त्या कागदाच्या रिमा नागपूर-पुणे-मुंबईला जातात, तिथे त्यांच्यावर 'वंचितांचं अरण्यरुदन' छापलं जातं, आणि पुस्तक ग्रंथालय खरेदीच्या गठ्ठ्यात बसून परत आमच्या 'ड' वर्गाच्या वाचनालयात येतं. बांबू गावातून गेला तेव्हा मिळाली मजुरी. परत आला तेव्हा द्यावी लागली किंमत, शिवाय ग्रंथपालाची सही.

या येरझाऱ्यांना पहिली खीळ घातली ती धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने. २००९ साली वनहक्क कायद्याखाली गावाला अठराशे हेक्टरांवर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. कायद्यात बांबू गौण वनोपज म्हणून स्पष्ट लिहिलेला. पण बांबू तोडायचा हक्क असून गाडी गावाबाहेर काढायची तर लागतो वाहतूक परवाना, आमच्या भाषेत टीपी. ते टीपी बुक वनखात्याच्या कपाटात. खातं म्हणे, बांबू तुमचा, पण परवाना आमचा. म्हणजे लग्न तुमचं, नवरदेव आमचा. शेवटी २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण स्वतः मेंढ्यात आले आणि टीपी बुक ग्रामसभेच्या हातात दिलं.

गडचिरोली जिल्ह्यात निघालेलं सगळ्यात महत्त्वाचं पुस्तक कोणतं असं मला कुणी विचारत नाही, पण विचारलं तर मी ते टीपी बुक सांगेन. लेखक ग्रामसभा, प्रकाशक ग्रामसभा, सही ग्रामसभेची. प्रस्तावना नाही, मलपृष्ठावर थोरामोठ्यांचे अभिप्राय नाहीत. प्रत्येक पान ट्रकसोबत जातं आणि नाक्यावरचा माणूस ते शब्दन् शब्द वाचतो. एवढा मन लावून वाचणारा वाचक मला आजवर मिळालेला नाही.

आणि हे पुस्तक एकाएकी निघालेलं नाही. गावचेच देवाजी तोफा आणि त्यांचे सहकारी मोहन हिराबाई हिरालाल यांनी गावात आधी अभ्यासगट चालवले. निर्णय सर्वांच्या सहमतीने. एकाचाही विरोध असला तर विषय पुढे. ही पद्धत कुठल्याही मराठी संपादकीय विभागात एक आठवडा लावून पाहा. अंक निघणार नाही, पण काय छापायचं नव्हतं ते सगळ्यांना कळेल. मोहनभाऊ २०२५ च्या जानेवारीत गेले. मिलिंद बोकीलांनी 'गोष्ट मेंढा गावाची' लिहिली, ती सगळीकडे वाचली गेली. चांगलंच झालं. फक्त मेंढ्यावर भाषण ठोकणाऱ्या पाहुण्याला मी एवढंच विचारतो, तुम्ही पुस्तक वाचलं की टीपी बुक? तो हसतो. त्याला तो विनोद वाटतो.

आता आमच्या स्थानिक वृत्तपत्रसृष्टीकडे वळू. इथे साप्ताहिकांची कमतरता नाही, आठवड्यांची आहे. बरीचशी साप्ताहिकं निघतात २६ जानेवारीला, १ मेला, १५ ऑगस्टला, दिवाळीला आणि साहेबांच्या वाढदिवसाला. पहिल्या पानावर साहेब. दुसऱ्या पानावर साहेबांना शुभेच्छा देणारे रेतीघाटाचे कंत्राटदार, गिट्टी क्रशरवाले आणि समस्त मित्रपरिवार. मधल्या आठवड्यांत फायलीला लावण्यापुरत्या प्रती काढायच्या, म्हणजे जाहिरातीच्या यादीतून नाव जात नाही. वर्तमानपत्रं नोंदवायचा १८६७ चा इंग्रजी कायदा अखेर बदलला, २०२३ चा नवा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू झाला. दीडशे वर्षांनी कायदा हलला. शुभेच्छांचा मजकूर आहे तिथेच आहे.

पेपर नको असेल तर मोबाइल आहे. हातात माइक, माइकवर बोलणाऱ्याच्या तोंडाएवढा लोगो, दुचाकीवर 'प्रेस', आणि बातमीची सुरुवात 'सविस्तर वृत्त असे की'. पुढे तपशील काही नसतो. रेतीघाटाचा व्हिडिओ सकाळी चढतो, संध्याकाळपर्यंत उतरतो. बातमी उतरली की समजावं, ती जिथे पोचायची होती तिथे पोचली. हे लोक स्वतःला पर्यायी माध्यम म्हणवतात. खोटं नाही. कमाईचा पर्याय म्हणून माध्यम उत्तमच आहे.

पण याच गर्दीत तालुक्याचा वार्ताहर आहे आणि त्याच्याबद्दल मला वाकडं लिहिता येत नाही. मोठ्या दैनिकाचा हा माणूस पगारी नसतो. मानधन एवढं की त्यात गाडीचं पेट्रोल बसू नये. वर दिवाळी पुरवणीला जाहिरातींचं टार्गेट. सकाळी ज्या किराणावाल्याकडे जाहिरात मागायची, दुपारी त्याच्याच भेसळीची बातमी लिहायची, आणि संध्याकाळी त्याच्याकडूनच उधारीवर तेल आणायचं. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागड तुटतं. पुलावरून पाणी, बाजारपेठेत पाणी, वीज नाही, मोबाइल मुका. तेव्हा हा गुडघाभर पाण्यात उभा राहून फोटो काढतो आणि रेंज सापडेल त्या टेकाडावर चढून पाठवतो. दुसऱ्या दिवशी बातमीवर नाव छापून येतं: 'प्रतिनिधी'. पूर ओसरला की मुख्य कार्यालयातून वरिष्ठ येतात, याच्याच गाडीवर मागे बसून गावं फिरतात, याच्याच ओळखीवर लोकांशी बोलतात, माडिया बोलणाऱ्या बाईचं म्हणणं हाच त्यांना मराठीत सांगतो. रविवारी पानभर 'थेट पूरग्रस्त भागातून' येतं. नाव मोठं, फोटोसकट. आमच्या माणसाचा शेवटी उल्लेख असतो, 'स्थानिक वाटाड्या'. मिलने बांबूशी केलं त्याहून हे वेगळं कुठे?

पर्यायी माध्यमांवर हल्ली परिसंवाद फार होतात. वक्ते परदेशातली उदाहरणं देतात. चिमूर कुणाच्या तोंडी येत नाही.

१६ ऑगस्ट १९४२, नागपंचमी. तेव्हाचा चांदा जिल्हा. चिमुरात लोक रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला, बालाजी रायपूरकर हा तरुण शहीद झाला, चिडलेल्या जमावाच्या हातून अधिकारी मारले गेले. मग गोरी फौज आली. पुरुषांची धरपकड झाली, आणि घरात उरलेल्या बायकांवर अत्याचार झाले. ही बातमी गावाबाहेर जाऊ नये याची पक्की व्यवस्था होती. पेपरांच्या तोंडाला कुलूप. तेव्हा चिमूर आणि वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीत काय झालं ते देशाला सांगितलं मुंबईत लपूनछपून चालणाऱ्या काँग्रेस रेडिओने. उषा मेहता आणि त्यांचे सोबती आज या घरात, उद्या त्या घरात असं ट्रान्समीटर हलवत बोलत होते. ना परवाना, ना लोगो. १२ नोव्हेंबरला पोलिसांनी त्यांना पकडलं.

त्याच्या आदल्याच दिवशी सेवाग्रामच्या जयकृष्ण भन्साळींचं उपोषण सुरू झालं होतं. प्राध्यापकी सोडून गांधींकडे आलेला हा विलक्षण माणूस. एके काळी मौन मोडू नये म्हणून याने तारेने स्वतःचे ओठ शिवून घेतले होते. तो चिमूरसाठी बोलायला उठला आणि बोलला ते न जेवून. मागणी साधी: चिमूरची चौकशी करा, व्हाइसरॉयच्या कौन्सिलात बसलेल्या बापूजी अण्यांनी, म्हणजे आमच्याच यवतमाळच्या माणसाने, स्वतः येऊन बघावं. सरकारने काय करावं? उपोषणाची बातमी छापायलाच बंदी घातली. माणूस मेला तर चालेल, मथळा नको.

आणि इथे संपादकांनी एक काम केलं. एरवी हे लोक चहा साखरेचा की बिनसाखरेचा यावरही एकमत करत नाहीत. पण अखिल भारतीय संपादक परिषदेने हाक दिली आणि ६ जानेवारी १९४३ रोजी देशातल्या अनेक वृत्तपत्रांनी अंकच काढला नाही. शिवाय सरकारी किताबांची यादी छापायची नाही, लाटसाहेबांची भाषणं छापायची नाहीत, असंही ठरवलं. म्हणजे त्या काळचा 'साहेबांना शुभेच्छा' विभाग बंद. १२ जानेवारीला, त्रेसष्टाव्या दिवशी, तडजोड होऊन उपोषण सुटलं.

आता कॅलेंडर काढून ६ जानेवारी बघा. 'दर्पण' दिन. १८३२ साली बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढला म्हणून आपण तो पत्रकार दिन पाळतो. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह, पालकमंत्र्यांचं मार्गदर्शन, 'लोकशाहीचा चौथा स्तंभ', मग जेवण. आमच्या जिल्ह्यातही होतो. याच तारखेला आपल्याच जिल्ह्यातल्या एका गावासाठी देशातले पेपर बंद राहिले होते, हे त्या व्यासपीठावरून मी अजून ऐकलेलं नाही. पालकमंत्र्यांना उशीर झालेला असतो, त्यामुळे इतिहासाला वेळ उरत नाही, हेही खरं.

चिमूरची गोष्ट मी एवढी लांबवली त्याला कारण आहे. त्यात छपाई कुठेच नाही. रेडिओ आहे, उपोषण आहे, आणि न निघालेला अंक आहे. तरी बातमी पोचली. आमच्याकडे स्वतंत्र लेखक म्हणवणाऱ्यांची सगळी चर्चा मात्र डीटीपीपासून सुरू होते आणि आर्ट पेपरच्या कव्हरवर संपते. किती जीएसएम? मॅट की ग्लॉस? आयएसबीएन मिळाला का? आयएसबीएन या देशात फुकट मिळतो, त्यामुळे तो सगळ्यांकडे आहे. वाचक विकतचा, म्हणून नाही.

वाचक कुठे असतो ते बघायचं असेल तर १५-१६ ऑक्टोबरला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर यावं. नागपूरनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ ला, बाबासाहेबांनी चंद्रपुरात लोकांना धम्मदीक्षा दिली. तेव्हापासून लोक येतात आणि पुस्तकं घेऊन जातात. मोठे स्टॉल आहेतच, पण मी थांबतो ते खाली बसलेल्यांपाशी. गेल्या खेपेला एक जण जुन्या फ्लेक्सच्या पाठीवर पुस्तिका मांडून बसला होता. बत्तीस पानी, मधे दोन पिना, कव्हर गुळगुळीत. मागच्या बाजूला स्वतःचा कोट घातलेला फोटो, खाली मोबाइल नंबर. छापील वीस रुपये खोडून बॉलपेनने दहा केलेले. पैशांसाठी बिस्किटाचा पत्र्याचा डबा.

"कोन लिहिलं जी हे?"

"मीच लिहिलो, मीच छापलो, आता मीच इकून राह्यलो. कोनती देऊ?"

माझ्या बाजूला एक म्हातारी आई पांढऱ्या लुगड्यात. तिने एक पुस्तिका उचलली, उलटीसुलटी केली, बोटाने अक्षरं चाचपली. "मले तं वाचता येत नाही बावा. पन नातीन वाचते. मोठ्या अक्षराचं दे." त्याने चार पुस्तिका उघडून अक्षरं दाखवली. तिने त्यातली एक घेतली, पदराच्या गाठीतून दहाची नोट काढली, आणि जाता जाता त्याला बजावलं, "पुढच्या साली रमाईवर लिहिजो." त्याने मान डोलावली. याला संपादकीय सूचना म्हणतात. मलाही सूचना येतात, वाघ वाढवा अशा. फरक एवढाच की आईने आधी पैसे दिले होते.

हा माणूस ऑक्टोबरात नागपूर आणि चंद्रपूर करतो, ६ डिसेंबरला दादरला असतो, १ जानेवारीला कोरेगाव भीमाला. बसून-उठून, ऊन-पाऊस झेलत, वितरक आणि कमिशन दोन्ही टाळून. एवढं भक्कम वितरण मराठीतल्या भल्याभल्या प्रकाशकांना जमलेलं नाही. आणि ही परंपरा कुठून आली ते त्याला पक्कं ठाऊक असतं. १९२० साली 'मूकनायक' निघणार होतं तेव्हा 'केसरी'ने त्याची पैसे देऊनही जाहिरात घेतली नव्हती. पाक्षिक तरी निघालंच. तेव्हा घेतली असती तर आज आपल्याकडे आणखी एक शुभेच्छा विशेषांक जास्त असता, दुसरं काय.

आता वडसा. सरकारी कागदावर देसाईगंज. दिवाळीनंतर धान घरात आलं की झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भात, नाटकं सुरू होतात. वडशात मंडळांची ऑफिसं, बाहेर हातभर दाढीच्या खलनायकाचे फ्लेक्स, गावोगावचे आयोजक बुकिंगसाठी खुर्च्या अडवून बसलेले. दिवसा शंकरपट, रात्री नाटक. पडदा उघडतो तेव्हा पुण्यातली नाट्यगृहं कुलूप लावून झोपलेली असतात आणि पडतो तेव्हा आमच्याकडे कोंबडा आरवून झालेला असतो. हजारो माणसं घोंगड्या पांघरून, तिकीट काढून बसतात. मुंबईच्या निर्मात्याला हे सांगितलं तर त्याला वाटतं आपण गंमत करतोय. इथले नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा बऱ्याच लोकांनी झाडीपट्टी कुठे आहे ते नकाशात शोधलं.

या नाटकांचे लेखक? आहेत. दर हंगामाला नवीन नाटक लिहितात, तालमीत बदलतात, प्रेक्षक ज्या जागी हसला नाही तो प्रवेश दुसऱ्या गावी पोचेपर्यंत कापतात. संहिता वहीत, वही प्रॉम्प्टरच्या हातात. बरंचसं कधी छापलंच जात नाही. म्हणून नाट्यवाङ्मयाच्या इतिहासात ते नाहीत. पुस्तक नाही म्हणजे नाटककार नाही. प्रेक्षक हजारोंनी आहेत, हा पुरावा मराठी समीक्षेच्या कोर्टात ग्राह्य धरत नाहीत. साकोलीच्या हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीचे शब्द गोळा केले, गावागावात बोलीची संमेलनं भरवली, तेव्हा कुठे विद्यापीठांना कळलं की ही माणसं अशुद्ध बोलत नाहीत, झाडी बोलतात. अखिल भारतीय साहित्य संमेलनं चंद्रपुरात दोनदा झाली, १९७९ ला वामन चोरघडे अध्यक्ष, २०१२ ला वसंत आबाजी डहाके. दोघेही विदर्भातले, दोघेही मोठे. पाहुणे ताडोबा बघून परतले. वाघ दिसला का, एवढं सगळ्यांनी एकमेकांना विचारलं. झाडीपट्टीचा नाटककार दिसला का, हे विचारायला सफारीत वेळ कुठे?

झाडीचे हे हाल, तर गोंडीचं काय असेल? नागपूरचे मोतीरावण कंगाली रिझर्व्ह बँकेत नोकरीला होते आणि उरलेला सगळा वेळ गोंडी भाषा, कोया पुनेम हा गोंडांचा धर्म, देवस्थानं यांवर लिहीत होते. पुस्तकांवर प्रकाशक म्हणून नाव चंद्रलेखा कंगाली, म्हणजे त्यांच्या पत्नी. लेखक आणि प्रकाशक एकाच घरात. मानधनाच्या वाटाघाटी कोण जिंकायचं ते उघड आहे. सिंधू लिपीबद्दलचे त्यांचे दावे भाषाशास्त्रज्ञांना पटत नाहीत, मलाही सगळे पटत नाहीत. पण माघ पौर्णिमेला कचारगडच्या जत्रेत लोक ती पुस्तकं विकत घेतात, मांडीवर ठेवून वाचतात आणि त्यावरून भांडतात. ज्या पुस्तकावर कुणी भांडत नाही ते छापलं काय आणि न छापलं काय.

गोंडीला कागदच लागतो असंही नाही. शेजारच्या छत्तीसगडात शुभ्रांशु चौधरींनी २०१० साली सीजीनेट स्वरा हे फोनवरचं माध्यम काढलं. मिस्ड कॉल द्यायचा, उलट फोन येतो, आपली बातमी आपल्या बोलीत सांगायची, दुसऱ्यांची ऐकायची. लिहिता येत नसलं तरी चालतं, गोंडीत बोललं तर आणखी चांगलं. पेपरात जे 'किरकोळ' असतं, म्हणजे हातपंप नादुरुस्त, रोजगार हमीचे पैसे थकले, गुरुजी येत नाहीत, तेच तिथे पहिल्या पानावर. इंद्रावतीच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या काठावर बोली तीच, राज्य वेगळं. फोनला नदी ओलांडायला नाव लागत नाही. मसराम गोंडी लिपी २०१७ मध्ये युनिकोडमध्ये आली, गुंजाला गोंडी २०१८ मध्ये. दुसऱ्याच वर्षी धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने गोंडीतून शिकवणारी स्वतःची शाळा काढली. शिक्षण खात्याने ती अनधिकृत ठरवली. म्हणजे युनिकोडच्या कॅलिफोर्नियातल्या समितीला गोंडी चालते, जिल्ह्याच्या ठिकाणच्या फायलीला चालत नाही.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल, मग तुमची अडचण काय? लिहिता येतं, छापता येतं, लोक वाचतातही. अडचण पोचवण्याची आहे. टीपीचं भांडण तेच होतं, चिमूरचं तेच, फ्लेक्सवर बसलेल्या माणसाची पायपीट तीच. प्रत तयार होणं म्हणजे अर्धं काम, आणि या देशात सगळे सत्कार त्या अर्ध्या कामाचेच होतात.

१९५४ चा एक कायदा आहे. पुस्तक निघालं की प्रकाशकाने तीस दिवसांत स्वखर्चाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला एक प्रत पाठवायची, शिवाय आणखी तीन ठरलेल्या ग्रंथालयांना. मी प्रामाणिकपणे पाठवतो. तिथे माझी पुस्तकं सुखरूप आहेत, कुणी हात लावत नसावं. पण सिरोंच्याच्या एका मास्तरांना माझं पुस्तक हवं होतं, तिथे गाडं अडलं. पूर्वी टपाल खात्याची रजिस्टर्ड बुक पोस्ट होती. पुस्तकांचा गठ्ठा देशाच्या कुठल्याही टोकाला स्वस्तात जायचा, आणि छोटे प्रकाशक तिच्यावरच तगून होते. १८ डिसेंबर २०२४ ला ती बंद झाली. आधी गाजावाजा नाही. तेव्हा पुस्तक आणि प्रेशर कुकर यांना एकच दर झाला. कुकर निदान लग्नात देता येतो.

कुरियरवाल्याने संगणकात पिनकोड टाकला आणि मान हलवली. "सर, हे आमच्यात येत नाही." मी म्हटलं, महाराष्ट्रात येतं. तो म्हणाला, "ते खरं आहे सर, पण आमच्यात येत नाही." मग मी इथल्या सगळ्या शहाण्या माणसांप्रमाणे काळी-पिवळीच्या स्टँडवर गेलो. आलापल्लीपर्यंत ही, तिथून पुढे दुसरी, ओळखीपाळखीने. ड्रायव्हरला गठ्ठा दाखवला.

"का आहे जी याच्यात?"

"पुस्तकं."

त्याने गठ्ठा हातात तोलला आणि सरळ टपावर फेकला. मी घाबरून म्हटलं, भाऊ, पाऊस येईल, आत ठेव ना सीटवर, मी त्या जागेचं भाडं देतो.

"सीटवर नाही जमत," त्याने मागच्या बाकाकडे बोट केलं. तिथे टोपलीत, दोरीने पाय बांधलेला, लालभडक तुऱ्याचा एक कोंबडा ऐटीत बसला होता. "तो झुंजीचा आहे. पाच हजाराचा."